महिन्याचा प्लॅन

गुडघ्याच्या पट्ट्यांचं पार्सल दारातून चोरीला गेलं
तेव्हा शेजारच्या डॅरलने ही बेल बसवून दिली.
चोराचे गुडघे तरी बरे झाले असोत.
तीस दिवस फुकट, तो म्हणाला, आवडली तर ठेवा.
मी हिल्का रँताला, थंडर बेच्या बंदरावर
गव्हाच्या कोठारात अडतीस वर्षं वजनं लिहिली;
आवळा देऊन कोहळा काढणारे
मला चालण्यावरून कळतात.

तरी बघत राहिले.
कोल्हा, रात्री दोनच्या सुमारास,
पाळीला निघाल्यासारखा.
टपालवाली, बिलं टाकता टाकता माझ्या कुंडीशी बोलणारी.
कुंडीत काही नाही. नोव्हेंबर आहे.
आणि कचऱ्याची पिशवी ओढत जाणारी एक म्हातारी,
जिची टोपी ओळखीची वाटली
आणि मग बाकीची.

सव्विसाव्या दिवशी, पहाटे सहा बेचाळीस:
एस्को.

अकरा वर्षांत त्याने दाढी वाढवली आहे.
तळ्याकाठची लाकडी खोली, वडिलांनी बांधलेली,
मी विकली, सही एकटीची,
आणि भावाला पत्राने कळवलं.
अर्धे पैसे पाठवले होते. सेंटपर्यंत बरोबर.
चेक त्याने वटवला नाही.
कोठारात अशा मालाला आम्ही म्हणायचो
वहीत आहे, काट्यावर नाही.

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा.
तो पायऱ्या चढतो, डावा गुडघा न वाकवता
(म्हणजे पट्ट्या त्यालाही लागतील),
हातमोजा दातांनी ओढून काढतो,
बोट बेलजवळ आणतो,
इतकं जवळ की पडदाभर नुसतं बोट,
नखाखाली काळं वंगण, अजूनही.
मग डावीकडे कुठेतरी बघतो.
हात खाली.
टाचेने पायरीवरचा बर्फ फोडतो, तीन घाव,
तुकडे बुटाने कडेला सारतो,
जातो.

त्या दिवशी किती वेळा पाहिला ते लिहून ठेवलं नाही.
संध्याकाळी सूचना आली: चार दिवस उरले.
नंतर बेल वाजली तर कोण आहे ते दिसेल.
मागचं पाहता येणार नाही,
साठवलेलं पुसलं जाईल.
भाषा नम्र होती, कर्ज नाकारताना बँकेची असते तशी.

वाजली तर दिसेल.
आमच्या घरात कधी कुणी काही वाजवलंय?
आई आजारी होती तेही आम्हाला
तिच्या न प्यायलेल्या कॉफीवरून कळलं.

डॅरल म्हणाला, वर्षाचा घ्या, दोन महिन्यांचे पैसे वाचतात.
वही काढून हिशेब मांडायला बसले
आणि न मांडताच उठले.
महिन्याचा घेतला. पाच डॉलर एकोणपन्नास सेंट.
वर्षाचा घेणं म्हणजे
तो वर्षभर बेल वाजवणार नाही
हे आगाऊ भरून टाकणं.

कार्ड चाललं. अभिनंदन, पडदा म्हणाला.
कशाबद्दल ते म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कोट चढवला,
बाहेर गेले, तो उभा होता तिथे उभी राहिले.
हातमोजा काढला. बोट उचललं.
गारठा बोटाला चावला.
मग डावीकडे बघितलं.

स्वयंपाकघराची खिडकी.
आत दिवा, वेलदोड्याचा पाव, वाफाळणारा मग,
आणि माझी खुर्ची, पाठमोरी.
सहा बेचाळीसला मी रोज तिथे बसलेली असते.
रेडिओकडे तोंड, दाराकडे पाठ.
नवरा गेल्यापासून तशीच.
त्याने पाहिली ती पाठ होती.

खिशात फोन थरथरला:
तुमच्या दारात कोणीतरी आहे.
हो, म्हटलं.

आत आले.
खुर्ची जड, वडिलांच्या हातची,
जमिनीवर लांब ओरखडा उठला.
फिरवली.